धूळ आणि सुरकुती

पांडुरंगा, तुझा काकडा सुरू झाला. देवळाच्या अंगानं टाळांचा आवाज गच्चीपर्यंत येतोय. मी आंघोळ केलेली नाही. रात्रभर रानात होतो, बुटांना काळी माती तशीच आहे. म्हणून महाद्वाराकडं न येता इथूनच हात जोडतो. चालवून घे.

समोर तिपाईवर दुर्बीण उभी आहे. कॅमेरा तिच्या पाठीला रात्री जसा अडकवला तसाच आहे, तसूभरही फिरवलेला नाही. उजाडताना दुर्बिणीच्या तोंडावर आमच्या अण्णांचं धुतलेलं पांढरं धोतर ताणायचं आणि कोऱ्या आभाळाचे तीस फोटो काढायचे. त्यांना आम्ही फ्लॅट्स म्हणतो. त्या फोटोंत बघण्यासारखं काही नसतं. असते ती फक्त माझ्या भिंगांवरची धूळ, मेदूवड्यासारखी गोल गोल उमटलेली, आणि कडांना पडणारी सावली. तिचा हिशेब रात्रीच्या फोटोंना लावला की धूळ जाते, तारे राहतात. तोवर दोन तास आहेत. ते तुझे.

काल पौषाची अमावास्या होती. तुझ्या चारही वाऱ्या शुद्ध एकादशीच्या, चांदण्याच्या. माझी वारी अमावास्येची. चंद्र असला की मला काही दिसत नाही, त्यात तुझ्या चंद्रभागेचा अनादर मानू नकोस. आषाढीला तू निजतोस तेव्हा माझंही आभाळ निजतं. चार महिने ढग. दुर्बिणीच्या पेटीत बुरशी धरू नये म्हणून मी ओल शोषणाऱ्या पुड्या बदलत बसतो. कार्तिकीला तू जागा होतोस आणि महिन्याभरात मृग रात्रीच्या पहिल्या प्रहरी पूर्वेला येतो. जूनमध्ये शेतकरी ज्या मृगाची वाट बघतो तो मृग कुणालाच दिसत नाही, कारण सूर्यच त्या नक्षत्रात असतो. पावसाचा मृग दिसत नाही आणि दिसणारा मृग पाऊस देत नाही. आमच्या सोलापूर जिल्ह्याला ही थट्टा चांगली ठाऊक आहे.

मंगळवेढ्याच्या बाजूला पाहुण्यांचं ज्वारीचं रान आहे, तिथं गेलो होतो. आधी ध्रुव शोधला. आपल्या पंढरपुरातून तो फार खाली दिसतो, क्षितिजापासून जेमतेम पावणेअठरा अंश. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली तर दोन मुठी भरायच्या आत. त्याच्याकडं आस रोखली की यंत्र पृथ्वीच्या चालीनं उलटं फिरत राहतं आणि तारा फोटोत जागचा हलत नाही. मग मृगाच्या पोटात रुतलेला व्याधाचा तीन ताऱ्यांचा बाण धरून खाली उतरलो. तिथं नुसत्या डोळ्यांना एक धूसर ठिपका दिसतो. तो तारा नव्हे, ढग आहे. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला उजेडाला सुमारे २४ वर्षं लागतील एवढा मोठा. पुस्तकात त्याला उत्सर्जन तेजोमेघ म्हणतात, म्हणजे स्वतः उजळणारा ढग. आईला एकदा दुर्बिणीतून दाखवला होता. ती म्हणाली, “धुपाचा धूर कोंडल्यासारखा दिसतोय रे.” रंग तिला दिसला नाही. मलाही दिसत नाही. अंधारात आपल्या डोळ्यांचा जो भाग जागा राहतो त्याला लाल कळतच नाही, आणि हा ढग तर बहुतांशी लाल.

लाल उजेडाशी माझं नातं जुनं आहे, विठ्ठला. महाद्वाराजवळच्या बोळात आमचा फोटो स्टुडिओ होता. मागं अण्णांची काळोखी खोली, तिच्यात एकच लाल दिवा. त्या फोटोच्या कागदाला लाल दिसायचं नाही, म्हणून त्या उजेडात काम चालायचं. बाहेर पडद्यावर तू रंगवलेला होतास, शेजारी रखुमाई. वारकरी तुमच्या पुढ्यात बसून फोटो काढून घ्यायचे. दर्शनाच्या रांगेत रात्र काढून आलेली माणसं, कपाळावरचा बुक्का घामानं ओघळलेला.

मी बारावीत असताना एका म्हातारीच्या निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली. रिटचिंग नवीन शिकलो होतो. तिचे गाल गुळगुळीत केले, कपाळावरच्या रेघा घालवल्या. अण्णांनी ओली प्रिंट चिमट्यानं उचलली, लाल दिव्याखाली धरली आणि पुन्हा पाण्यात टाकली. म्हणाले, “धूळ काढायची, सुरकुती काढायची न्हाई. ती तिनं कमावलीय.”

एवढंच. त्यांनी मला फोटोग्राफीचे बाकीचे नियम सांगितले ते मी विसरलो, हा एक राहिला. आज तुझ्यापाशी आलोय तो या नियमामुळंच. पण ते नंतर. आधी जे पाहिलं ते तुला सांगू दे, जरी ते तुझंच असलं तरी.

त्या ढगाच्या पोटात चार कोवळे तारे चौकडी करून बसलेत. त्यांतला थोरला इतका तापलेला आहे की त्याचा पृष्ठभाग आपल्या सूर्याच्या सहा-सात पट गरम, सुमारे ३९ हजार केल्व्हिन. त्याच्यातून निघणारे अतिनील किरण आजूबाजूच्या हायड्रोजनवर आदळतात आणि अणूतलं इलेक्ट्रॉन उपटून बाहेर फेकतात. ते भटकतं, आणि कधीतरी पुन्हा एखाद्या अणूपाशी येतं. पण एकदम घरात शिरत नाही, घाट उतरावा तसं पायरी पायरीनं खाली येतं. तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर येताना ते एक ठरलेला लाल उजेड सोडतं. लांबी ६५६.३ नॅनोमीटर. जगात कुठंही, कधीही, त्या पायरीचा रंग तोच. तुझ्या दारात नामदेवांनी पायरी होऊन राहणं मागितलं, असं लहानपणापासून ऐकलंय. पायरीवर एवढं काय असतं, ते मला या लाल रेषेनं कळलं.

साधा कॅमेरा नेमकी ही रेषा अडवतो. माणसांचे चेहरे तांबूस येऊ नयेत म्हणून त्याच्या डोळ्यावर एक काच बसवलेली असते. मी जुना कॅमेरा विकत घेतला, तो खोलून ती काच काढली. हात थरथरत होते. आता त्यानं माणसांचे फोटो काढले तर सगळेच गुलाल खेळून आल्यासारखे दिसतात, पण हायड्रोजन त्याला दिसतो.

त्याच ढगात एक हिरवी रेषाही आहे. तिनं शहाण्या माणसांना फार वर्षं फसवलं. १८६४ मध्ये इंग्लंडात विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा उजेड लोलकातून पाहिला. ताऱ्यासारखा सलग पट्टा दिसेल असं वाटलं होतं, दिसल्या सुट्या रेषा. म्हणजे तो वायू होता, हे तिथल्या तिथं ठरलं. पण त्यांतली ठळक हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. म्हणून पुढं एक नवंच मूलद्रव्य मानलं गेलं, नेब्युलियम. ते नव्हतंच. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं की तो आपल्या श्वासातलाच ऑक्सिजन आहे, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. पृथ्वीवर तो तसा उजळत नाही, कारण इथं गर्दी फार. उजेड सोडायच्या आत दुसरा कण येऊन धडकतो. त्या ढगात इतकी विरळ जागा आहे की अणूला कुणी हात न लावता स्वस्थ बसता येतं, आणि मग तो हिरवा होतो. पंढरपुरात जन्मलेल्या माणसाला गर्दीतला देव कळतो, देवा. एकांतातलाही तूच, हे मला ऑक्सिजननं शिकवलं.

या हिरव्या रेषेकडं आपल्या पुण्यातून एका माणसानं पाहिलं होतं. कावसजी दादाभाई नायगमवाला, कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून तिथं वेधशाळा उभी राहिली होती. मृगातल्या या तेजोमेघाच्या उजेडाचा अभ्यास त्यांनी १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला कळवला. तिकडं मोठा वाद चालला होता. ही रेषा एका बाजूला विसविशीत आहे, म्हणून ती मॅग्नेशियमची, असं एक बडं नाव म्हणत होतं. नायगमवालांना ती स्वच्छ, आखीव दिसली आणि जशी दिसली तशी त्यांनी लिहिली. दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, त्याच पुण्यातून टिळकांचं ‘ओरायन’ निघालं. तेही याच मृगावरून वेदांचा काळ मोजत होते. एका गावात दोन माणसं एकाच नक्षत्राकडं बघत होती, एक लोलकातून आणि एक ऋचांतून. त्यांची कधी गाठ पडली असेल का, हे तुलाच माहीत.

नायगमवाला आपल्या जिल्ह्यातही आले होते. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण टिपायला त्यांनी करमाळ्याकडच्या जेऊरला तळ टाकला होता. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची माणसंही तिथंच होती. पुढं पुण्याची ती वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. भावनगर दुर्बीण म्हणून ती ओळखली जाते. मी जेऊर स्टेशनावरून रेल्वेनं कितीदा गेलो, कुठली पाटी दिसली नाही. पण तिथं कुणीतरी काळ्या मातीत यंत्र रोवून, श्वास रोखून, दोन मिनिटांच्या काळोखाची वाट बघत बसलं होतं, या आठवणीनं मला रात्री थंडीत सोबत होते. त्यांची आठवण तुझ्या दारी ठेवतो.

आणि हा उजेड किती जुना, विठोबा! त्या ढगापासून इथवर सुमारे १३५० वर्षांची वाट आहे. काल माझ्या कॅमेऱ्यात पडलेला कण निघाला तेव्हा या भागात बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. तुझ्या देवळातला चौऱ्यांशीचा शिलालेख कोरायला शके ११९५ मध्ये, म्हणजे १२७३ साली सुरुवात झाली. देवळासाठी कुणी काय दिलं त्याची नावं त्यात आहेत. दगडावर ती अक्षरं उमटत होती तेव्हा हा उजेड अर्ध्या वाटेतही आला नव्हता. नामदेव गेले, तुकोबा आले आणि गेले, तो चालतच होता. काल रात्री नऊ वाजता ज्वारीच्या रानात तो पोचला आणि त्याचा मुक्काम झाला एका कासराभर लांबीच्या वायरीला जोडलेल्या जुन्या कॅमेऱ्यात. एवढ्या लांबून आलेल्या वारकऱ्याला मी नीट उतरवून घेतो की नाही, याची मला धास्ती वाटते. माझी प्रार्थना त्या धास्तीतून आली आहे.

दोन दोन मिनिटांच्या १२० फ्रेम घेतल्या. चार तास. चौकडीचा भाग फार झगझगीत, तो जळून पांढरा होऊ नये म्हणून दहा दहा सेकंदांच्या वेगळ्या तीस. मधे भिंगावर दंव धरायला लागलं, तापणारी पट्टी गुंडाळली. एकच्या सुमाराला शेजारच्या उसाला पाणी द्यायला एक गडी आला. रात्रपाळीची वीज. त्याची बॅटरी थेट दुर्बिणीवर पडली आणि एक फ्रेम गेली. ओरडलो नाही, एवढं पुण्य माझ्या खात्यावर लिही. तोच बिचारा बॅटरी विझवून जवळ आला, पडद्यावर बघितलं, मग वर बघितलं. म्हणाला, “ह्ये रोज आपल्या डोक्यावरच असतं व्हय?” आणि मोटार चालू करायला गेला.

एकटी फ्रेम बघवत नाही, देवा. नुसता कचकचाट. पण १२० एकावर एक रचल्या की ढगाचा उजेड १२० पट होतो आणि कचकचाट वाढतो अकरा पटच. कारण उजेड प्रत्येक फ्रेममध्ये एकाच जागी असतो, आणि चूक दर वेळी वेगळ्या जागी. दिंडीत मला हे आधीच कळायला हवं होतं. एकेकाचा सूर ऐकला तर कुणाचा वर, कुणाचा खाली, माझा तर कुठंच नाही. पाचशे जण मिळून म्हणायला लागले की भलत्या जागी गेलेले सूर एकमेकांत विरतात, उरतं ते तुझं नाव.

पण याच रचण्यात एक खोट आहे, ती तुझ्यापाशी बोलतो. रचताना संगणक प्रत्येक ठिपक्यासाठी सगळ्या फ्रेमना कौल लावतो. एखादीच फ्रेम इतरांहून फार वेगळं सांगत असेल तर तिचं म्हणणं खोटं धरून टाकून देतो. उपग्रहांच्या रेघा अशाच जातात आणि मी समाधान मानतो. गेल्या वर्षी एका फ्रेममधून एक उल्का गेली होती. मी डोळ्यांनी बघितली होती ती, हिरवट, लांबलचक. रचून झालेल्या चित्रात ती नव्हती. ११९ जणींनी तिला पाहिलं नव्हतं, म्हणून ती खोटी ठरली.

तेव्हा मला तुझ्या दाराबाहेरची चोखोबांची समाधी आठवली. पंगतीत न बसणारा म्हणून सगळ्यांनी मिळून ज्याला बाहेर ठेवलं, तो खरा होता. अस्पृश्य ठरवलेल्या त्यांच्या लोकांना तुझ्या पायांपर्यंत यायला १९४७ चा मे महिना उजाडावा लागला, आणि साने गुरुजींना दहा दिवस अन्नावाचून राहावं लागलं. मला बहुमताशिवाय चित्र करता येत नाही, पांडुरंगा. पण टाकून दिलेल्या फ्रेम पुन्हा एकदा उघडून बघण्याची बुद्धी दे. चित्रात घेता आलं नाही तरी वहीत लिहून ठेवण्याइतकी तरी.

आज दुपारी झोप झाली की संगणकावर बसेन. सगळं रचून पहिल्यांदा उघडलं की पडदा काळाकुट्ट. नवीन माणूस घाबरतो, रात्र वाया गेली म्हणतो. उजेडाच्या आलेखात तो सगळा डाव्या कोपऱ्यात चिमूटभर जागेत साचलेला असतो. त्याला हळूहळू ताणायचं. थोडं ताणलं की चौकडी दिसते, आणखी थोडं की पंखासारखे लाल पदर उलगडतात. तुझ्या गाभाऱ्यात बाहेरच्या उन्हातून आलं की क्षणभर काही दिसत नाही, मग समईच्या उजेडात आधी तुळशीची माळ दिसते, मग कटीवरचे हात. तसंच.

इथं पहिला मोह असतो काळ्याचा. पार्श्वभूमी गडद काळी केली की लाल उठून दिसतो, बघणारा वा म्हणतो. पण त्या अंधारात ढगाचे सगळ्यात बारीक, सगळ्यात दूरचे पदर असतात, ते एका झटक्यात मरतात. आभाळ कधीच कोळशासारखं काळं नसतं. त्याच्यात थोडा उजेड, थोडा निळा, थोडा धुराचा रंग मिसळलेला असतो. त्याला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे आणि तो आम्ही तुझ्यासाठी राखून ठेवलाय. माझं आभाळ सावळं राहू दे. काळं करायला माझा हात वळला तर मनगट धर.

दुसरा मोह रंगांचा. हबल दुर्बिणीनं १९९५ मध्ये गरुड तेजोमेघातल्या खांबांचा जो फोटो दिला, तो आता शाळेच्या वह्यांवरही असतो. त्यात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलेला आहे. डोळ्याला तो ढग तसा दिसणार नाही. पण ते करणाऱ्यांनी सांगून केलंय, कुठला रंग कशाचा हे लिहून ठेवलंय. याला मी लबाडी म्हणत नाही. तुला कधी जरीकाठी धोतर, कधी हिऱ्यांचा मुकुट. आम्हाला माहीत असतं की हा पोशाख आहे आणि आत तू वाळवंटातल्या दगडासारखा साधा आहेस. पोशाख चालतो. न सांगितलेला पोशाख चालत नाही.

आता कबूल करायचं ते करतो. दोन वर्षांपूर्वी विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, एका शाळेत माझे फोटो लावले होते. मृगाच्या ढगाचा फोटो जरा फिकट आला होता. चांदणं होतं, फ्रेम कमी होत्या. मी तो एका आपोआप सुधारणाऱ्या प्रोग्राममध्ये घातला. त्यानं कचकचाट पुसला, आणि पुसलेल्या जागी सुरेख तंतू काढून दिले. रेशमासारखे. मी घेतलेच नव्हते ते. कुठं कुठं मी हातानंही लाल फिरवला. चित्र असं झालं की मुख्याध्यापकांनी मधोमध लावलं. सातवी-आठवीतली एक मुलगी नाक लावून बघत उभी राहिली. म्हणाली, “काका, हे एवढं बारीक बारीक, हे सगळं खरंच तिथं आहे?” मी हो म्हणालो.

तिनं वहीत काढून घेतले ते तंतू, पांडुरंगा. पेन्सिलीनं, मन लावून.

अण्णा तेव्हा नव्हते. असते तर प्रिंट पाण्यात टाकली असती. ते सुरकुती काढू नको म्हणायचे, मी तर नसलेली सुरकुती घातली. आणि खरा गुंता पुढंच आहे. अण्णांचा नियम मला आता अपुरा पडतो. त्या ढगात जे काळे पट्टे दिसतात, चौकडीच्या शेजारी माशानं आ वासल्यासारखा जो काळा भाग आहे, ती धूळच आहे. खरी, तिथली धूळ. वायू आणि तशी धूळ यांचेच गोळे आकसून तिथं अजून तारे जन्मतायत. ती धूळ मी डाग समजून साफ केली, तर जन्माची जागाच पुसली. माझ्या भिंगावरची धूळ काढायची, त्याच्या अंगावरची ठेवायची. पडद्यावर दोन्ही सारख्याच काळ्या दिसतात.

म्हणून मी तुझ्याकडं चांगला फोटो मागत नाही. महाग कॅमेरा मागत नाही, म्हणजे मनात येतो, पण मागत नाही. मला ओळख दे. कुठली धूळ माझी आणि कुठली तिथली, हे बघताना उतावीळ होऊ देऊ नकोस. जे आलं नाही ते आलं नाही, असं पाटीवर लिहायची लाज वाटू देऊ नकोस. आणि ती मुलगी पुन्हा भेटली तर तिच्या वहीतले तंतू खोटे होते हे तिला सांगण्याचं धैर्य दे. ती आता नववी-दहावीत असेल. तिला दुर्बिणीतून तो धुपाचा धूर दाखवीन, राखाडी, रंग नसलेला. जो आहे तो.

एक मागणं गावासाठी. पंढरपूर वाढतंय, वाढू दे. वारकऱ्याच्या पायाखाली उजेड हवाच. अंधारात घाटावर कुणी घसरू नये. पण आपले नवे पांढरे दिवे बराच उजेड आभाळाला वाहतात. जुन्या पिवळ्या सोडियमच्या दिव्यांचा उजेड मोजक्या रंगांत असायचा, गाळून काढता यायचा. या पांढऱ्या एलईडीत सगळेच रंग, तो कशानं गाळू? दिव्यावर टोपी घातली, तोंड खाली केलं, रंग जरा पिवळसर ठेवला, की रस्ता तेवढाच उजळतो आणि तारेही राहतात. नागपूरकडं पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये अंधारं आभाळ जपल्याबद्दल डार्क स्काय पार्कचा मान मिळाला, देशात पहिला. वाघांच्या गावाला जमलं ते तुझ्या गावाला जमू दे. वाळवंटात कीर्तन ऐकत पाठीवर पडलेल्या म्हातारबाबांना वर मृग दिसायचा. त्यांच्या नातवालाही दिसू दे.

काकडा संपला वाटतं. आता टाळ थांबलेत, खाली दूधवाल्याची सायकल वाजतेय. पूर्वेला राखेचा रंग आलाय, अजून तारे विझले नाहीत. ते विझायच्या आणि ऊन यायच्या मधे मला दहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात तीस फोटो घ्यायचे, घाई न करता, सगळीकडं सारखा उजेड असताना.

विठ्ठला, अण्णांचं धोतर ताणून धरतोय. एखादा ढगही मधे आणू नकोस. माझी धूळ मला नीट दिसू दे.